हात अनेक, वही एक: लिनक्सवाले हे कसं जमवतात?



मागच्या व्हिडिओत आपण पहिला माणूस कामाला ठेवण्याबद्दल बोललो. आता त्याच्या पुढचं. दोन-चार जण एकाच एक्सेल शीटमध्ये लिहायला लागले की काय होतं? एक जण लिहितो ‘चकली ५००’, दुसरी लिहिते ‘भाजणी चकली अर्धा किलो’, तिसरा नुसतंच ‘चकली’. पाकीट एकच, शीटमध्ये मात्र तीन आयटम. ऐन दिवाळीत शीट म्हणते माल संपला, तुम्ही ऑर्डर नाकारता, आणि पाकिटं मागच्या खोलीत पडून असतात.

हाच प्रश्न ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांसमोर आपल्या कितीतरी पट मोठा होता. लिनक्सचंच बघा ना. १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेलं काम. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच्याच कर्नलवर चालतो. आजवर हजारो लोकांनी त्यात कोड लिहिलाय, वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांतल्या. तरी तो वाचता येतो, कारण कोड कसा लिहायचा याचे नियम कर्नलसोबतच लिहून ठेवलेत. त्याला म्हणतात कोडिंग स्टाइल.

नियम ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतात. ओळ आत सरकवायची ती टॅबने, आणि टॅब ८ अक्षरांचा. ओळ शक्यतो ८० अक्षरांत बसवायची. फंक्शन लहान ठेवायचं, त्याने एकच काम करायचं. मला स्वतःला टॅबचा नियम फार आवडतो. टॅब ८ अक्षरांचा असला की ओळ तीन-चार वेळा आत गेल्यावर जागाच संपत येते. तेव्हा टॅब लहान करायचा नाही! तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर कोडच सुधारा, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे नियम दिसण्याचा, पण पकडतो डोक्यातला गुंता.

दिसण्याला काय महत्त्व, असं वाटत असेल तर २०१४ सालची अ‍ॅपलची गोष्ट ऐका. आयफोनच्या सुरक्षित कनेक्शनच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ पडली. दुसरी ओळही आत सरकवलेली होती, म्हणून बघणाऱ्याला ती अटीच्या आतली वाटायची. प्रत्यक्षात कंस नसल्यामुळे ती अटीच्या बाहेर होती आणि दर वेळी चालायची. परिणाम? समोरचा सर्व्हर खरा आहे का, ही तपासणी पूर्णच व्हायची नाही. एका जादा ओळीमुळे!

आता नियम केले, पण पाळायला कोण लावणार? रोज तुम्हीच टोकत बसलात तर माणसं वैतागतात. कर्नलमध्ये ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट आहे, ती कोड पाठवण्याआधीच चुका दाखवते. गूगलमध्ये तयार झालेल्या गो भाषेत तर ‘गोफम्ट’ हे टूल कोड स्वतःच एका साच्यात बसवून देतं. तो साचा सगळ्यांच्या आवडीचा आहे असं नाही, पण वाद मिटला ना! मशीनने टोकलं की माणसाचा अहंकार दुखावत नाही. आपल्याकडे हे काम एक्सेलमधलं डेटा व्हॅलिडेशन करतं. आयटमचं नाव टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं.

आणि हो, नियम केला म्हणजे तो कायमचा गळ्यात बांधला असं नाही. ८० अक्षरांची मर्यादा लिनक्सने २०२० मध्ये थोडी सैल केली. ८०च बरी असं अजूनही म्हणतात, पण चेकपॅच आता १०० अक्षरांपुढे गेल्यावरच टोकतं.

उत्साहाच्या भरात तीन वर्षांच्या जुन्या नोंदी बदलत बसू नका. पायथॉनवाल्यांची ‘पेप ८’ ही नियमावली २००१ सालची. तिच्यात साफ म्हटलंय की प्रोजेक्टच्या आत एकसारखेपणा असणं हे नियमावलीशी तंतोतंत जुळण्यापेक्षा महत्त्वाचं. लिनक्सवालेही नुसती साफसफाई आणि खरा बदल एकत्र पाठवू देत नाहीत, कारण मग नेमकं काय बदललं तेच कळत नाही.

तर या रविवारी एवढंच करा. जास्त खपणारे २० आयटम घ्या, प्रत्येकाचं एकच नाव ठरवा, आधी माल, मग वजन, वजन नेहमी ग्रॅममध्ये. शीटवर रोज लिहिणाऱ्यांना सोबत बसवा, कारण कुठे अडतं ते त्यांनाच माहीत असतं. पुढच्या व्हिडिओत ती यादी एक्सेलमध्ये कशी लावायची ते स्क्रीनवर दाखवतो.