अर्ध्या मैलाची भिंत

घरांतील एखादा मुलगा अभ्यासांत मागें पडूं लागला, रात्रीं उशिरां घरीं येऊं लागला आणि कोपऱ्यावरच्या टोळक्यांत दिसूं लागला, म्हणजे वडील मंडळी प्रथम त्यास उपदेश करतात. उपदेशानें भागलें नाहीं तर शिक्षा, आणि शिक्षेनेंही भागलें नाहीं तर ‘हा वाया गेला’ असा कायमचा निकाल! या तीन पायऱ्यांखेरीज चौथी पायरी असूं शकते काय? या प्रश्नाचें एक विलक्षण उत्तर अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं एका भिंतीवर रंगविलेलें आहे. या भिंतीची उंची सुमारें १३ फूट असून लांबी २,७५४ फूट, म्हणजे अर्ध्या मैलाहून किंचित् अधिक आहे. ती रंगविणारे हात बहुतांशीं पोरसवदा होते.

ही भिंत मूळची कोणा देवळाची किंवा राजवाड्याची नव्हे. लॉस एंजेलिसच्या नद्या एरवीं कोरड्या. परंतु हिवाळ्यांतील पावसानें त्या एकाएकीं उफाळत. १९३८ च्या महापुरानंतर त्यांचीं पात्रें काँक्रीटनें बांधून काढण्यांत आलीं. शहर वांचलें, पण नदीचा नाला झाला. सॅन फर्नांडो खोऱ्यांतील तुहुंगा नांवाचा प्रवाह असाच बंदिस्त झाला. त्याच्या काठाला कांहीं शोभा आणावी म्हणून १९७४ सालीं सरकारी लष्करी अभियंत्यांनीं जुडिथ बाका या चित्रकर्त्रीस विचारलें.

बाकाबाईंचा जन्म १९४६ सालीं त्याच शहरांतील एका मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत झाला. पूर्वीं, १९७० सालीं, परस्परांशीं हाडवैर असलेल्या टोळ्यांतील सुमारें २० तरुणांस एकत्र आणून त्यांनीं हॉलेनबेक बागेंतील वाद्यमंचावर एक चित्र काढविलें होतें. चित्र कोणाचें? दोन्ही बाहू पसरून उभ्या असलेल्या एका आजीचें! टोळी कोणतीही असो, आजीच्या कुशींत जाण्यास कोण नाहीं म्हणणार? आमच्या वाचक-भगिनींना या निवडीचें मर्म निराळें सांगावयास नको.

१९७६ च्या उन्हाळ्यांत भिंतीचें काम सुरू झालें. पावसाळी दिवसांत पात्रांत पाणी असतें, म्हणून रंगकाम उन्हाळ्यांतच करावें लागे. पहिल्या वर्षीं ८० मुलें आलीं. तीं बाल-गुन्हेगारांसंबंधींच्या न्यायखात्यामार्फत आलेलीं होतीं. सोबत १० चित्रकार व ५ इतिहासज्ञ. मुलांस कामाचें वेतन मिळे. कोणी भिंत घासून स्वच्छ करी, कोणी तिजवर चौकटी आंखी, कोणी कागदावरचें लहान चित्र चौकटीमागून चौकट असें भिंतीवर मोठें करी. या कामांत एकट्याची फुशारकी चालत नाहीं. एकाची रेषा चुकली कीं शेजारच्याचा घोडा लंगडा होतो! त्या एका उन्हाळ्यांत १,००० फूट भिंत रंगून निघाली. पुढें आणखी चार उन्हाळे काम चालून १९८४ पर्यंत भिंत पुरी झाली, आणि तिला हात लावणाऱ्या तरुणांची संख्या ४०० च्या वर गेली.

परंतु या भिंतीचें खरें मोल तिच्या लांबींत नाहीं. तिजवर कॅलिफोर्नियाचा इतिहास आहे, आणि तो विजयी लोकांनीं लिहिलेला इतिहास नव्हे. अतिप्राचीन प्राणी व मूळचे रहिवासी यांपासून तो सुरू होतो. पुढें १८७१ सालीं झालेली चिनी लोकांची कत्तल येते. १९३० नंतरच्या मंदींत सीमेपार धाडलेलीं मेक्सिकन कुटुंबें येतात. १९४२ सालीं स्वतःच्याच सरकारनें छावण्यांत कोंडलेले जपानी वंशाचे नागरिक येतात. एका ठिकाणीं नवे मोटाररस्ते अजगरासारखे वळसे घेत वस्त्यांतून शिरले आहेत आणि त्यांच्या खांबांनीं एकाच घरांतील माणसें एकमेकांपासून ताटातूट केलीं आहेत. रंगविणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनीं हेंच भोगलें होतें. शाळेच्या पुस्तकांत ज्यास आपल्या आजोबांचें नांव कधीं आढळलें नाहीं, त्या मुलानें तें आपल्या हातानें दहा-बारा फूट उंच काढलें, तर त्याच्या मनांत काय उभें राहिलें असेल?

कोणी म्हणेल, घरचीं दुखणीं अशीं चव्हाट्यावर कशाला मांडावीं? परंतु झांकलेली जखम चिघळते, हें घरच्या आजीबाईही सांगतील. कोणी म्हणेल, शिकाऊ हातांच्या कामास कला कशी म्हणावी? त्यास उत्तर इतकेंच कीं, मूळ रेखांकन जाणत्या चित्रकारांच्या देखरेखीखालीं होई. पण त्या भिंतीवर ज्याचा ब्रश फिरला, त्याचा वांटा तिच्यांत कायमचा राहिला.

या भिंतीमुळें सारींच मुलें सुधारलीं, असें विधान करण्याचें धाडस कोणीं करूं नये; मनुष्य इतका सोपा नाहीं. मात्र एक गोष्ट निश्चित. ज्यांच्याविषयीं शहराची अपेक्षा एवढीच होती कीं त्यांनीं भिंती विद्रूप करूं नयेत, त्यांच्याच हातीं शहराची भिंत सोंपविण्यांत आली. आणि तिचें चीज झालें. उन्हापाण्यानें फिकट झालेले रंग २०११ मध्यें पुन्हा उजळण्यांत आले. २०१७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत भिंतीची नोंद झाली, आणि ती पुढें वाढविण्यासाठीं २०२१ सालीं मेलन फाउंडेशननें ५० लक्ष डॉलर दिले.

आपल्या घरांतील तरुणांस आपण उपदेश पुष्कळ देतों. शिकवण्या, पुस्तकें, मोठमोठ्या फिया, सारें कांहीं देतों. परंतु चार परक्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून पुरें करावें लागेल, आणि चुकलें तर साऱ्या गांवाला दिसेल, असें एखादें काम आपण कधीं त्यांच्या हातीं देतों काय? चौथी पायरी ती हीच. ती चढण्याचें भय मुलांना नसतें. भय वाटतें तें आपणां वडिलधाऱ्यांनाच.