विषनाशक विकर : रुग्णासाठी की प्रयोगशाळेसाठी?

कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या रुग्णाचे नातेवाईक काही वेळा वाचनात आलेली माहिती घेऊन आमच्या कार्यालयात येतात. “विष नष्ट करणारे मानवी विकर परदेशात विकत मिळते. किंमत आम्ही भरू, आपण ते मागवावे,” अशी त्यांची विनंती असते. काही देणगीदारांनीही त्यासाठी साहाय्य देऊ केले आहे. या सद्भावनेचा पूर्ण आदर राखून, हे विकर म्हणजे काय आणि ते रुग्णास का देता येत नाही, याची माहिती येथे सादर करीत आहोत.

क्लोरपायरिफॉस, डायझिनॉन, पॅराथिऑन ही ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके होत. शरीरात गेल्यावर मुख्यत्वे यकृतात त्यांचे ‘ऑक्सॉन’ या अधिक जहाल रूपात परिवर्तन होते. मज्जातंतूंचा संदेश वेळीच थांबविणारे अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर त्यामुळे निकामी होते. परिणामी लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छातीत स्राव साठतो आणि श्वसनाचे स्नायू दुर्बळ होऊन प्राण संकटात येतात.

निसर्गाने यावर काही संरक्षणही दिले आहे. पॅराऑक्सोनेज-१ हे विकर यकृतात तयार होते आणि रक्तातील एचडीएल, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांना संलग्न राहून काही ऑक्सॉनांचे विघटन करते. हे विकर नसलेल्या उंदरांना क्लोरपायरिफॉसच्या ऑक्सॉनची बाधा अधिक तीव्र होते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मात्र ज्या पॅराऑक्सॉनवरून विकरास हे नाव मिळाले, त्या विषापासून तसे संरक्षण पुढील प्रयोगांत आढळले नाही. तात्पर्य, एकच विकर प्रत्येक विषावर उतारा ठरत नाही. शिवाय त्याचे रक्तातील प्रमाण माणसागणिक अनेक पटींनी भिन्न असते. नवजात अर्भकांत तर ते फारच कमी असते.

संशोधनासाठी मिळणारे विकर ‘पुनर्संयोजित’ असते. मानवी जनुक जिवाणूंच्या किंवा अन्य पेशींत घालून त्यांच्याकडून हे प्रथिन तयार करवून घेतात आणि मग ते शुद्ध करतात. मानवी इन्सुलिन याच तंत्राने १९७८ साली प्रयोगशाळेत तयार झाले व १९८२ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. तंत्र एकच असले, तरी इन्सुलिनने चाचण्यांची वाट पूर्ण केली होती. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या कुपीने ती केलेली नसते. तिच्यात जिवाणूंचे ज्वरकारक अंश राहू शकतात, ती निर्जंतुक असल्याची हमी नसते आणि मात्रा सहसा मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकी अल्प असते. एचडीएलपासून विलग झालेले हे विकर लवकर अस्थिर होते. भारतात नव्या औषधाच्या मानवी चाचण्यांना २०१९ च्या नियमांनुसार परवानगी आवश्यक असते. त्यामुळे अशी कुपी रुग्णास टोचणे हा उपचार नव्हे, तर विनापरवाना प्रयोग ठरेल.

तरीही ही कुपी निरुपयोगी नाही. कोणते विष किती वेगाने विघटित होते, हे तिच्या साहाय्याने मोजता येते. जिवाणूंत सुलभतेने तयार होणाऱ्या सुधारित पॅराऑक्सोनेजची रचना इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केली. उद्याचे औषध अशाच अभ्यासातून घडेल.

आजच्या रुग्णास मात्र आजचेच उपचार वाचवितात. वेळेवर व पुरेशा मात्रेत दिलेले अ‍ॅट्रोपिन, प्राणवायू, गरजेनुसार कृत्रिम श्वसनयंत्र, वैद्यकीय निर्णयानुसार प्रॅलिडॉक्सिम आणि अहोरात्र शुश्रूषा हे त्यांतील मुख्य होत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, याचे विस्मरण होऊ नये. नातेवाइकांनी रुग्णाचे विषाने भिजलेले कपडे स्वतः हातमोजे घालून काढावेत, त्याची त्वचा साबण व पाण्याने धुवावी, उलटी करविण्यात वेळ न दवडता त्यास रुग्णालयात आणावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत आणावी. कीटकनाशक मुलांच्या हाती लागेल अशा जागी अथवा पाण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नये.

देणगीदारांस नम्र विनंती की, या विकरासाठी देऊ केलेले साहाय्य अतिदक्षता विभागास किंवा निर्धन रुग्ण निधीस द्यावे. श्वसनयंत्रावर काढावा लागणारा एकेक दिवस गरीब कुटुंबास कर्जाच्या खाईत लोटतो. त्या दिवसांचा भार उचलला गेला, तर आपली देणगी आजच एका घरी पोहोचेल.