कंपवातातील तोल व घरगुती दूरपुनर्वसन

कंपवाताच्या रुग्णाचा बिघडलेला तोल सुधारण्यासाठी त्याच्या राहत्या घरी, पडद्यावरील संगणकनिर्मित दृश्याच्या साहाय्याने आणि दूर अंतरावरील भौतिकी चिकित्सकाच्या देखरेखीखाली करवून घेतल्या जाणाऱ्या व्यायामोपचारास आभासी वास्तवाधिष्ठित दूरपुनर्वसन म्हणतात. रुग्णाच्या हालचालींबरोबर तत्काळ बदलणारे कृत्रिम दृश्य म्हणजे आभासी वास्तव होय. आजार वा इजा यांमुळे गमावलेली कार्यक्षमता शक्य तेवढी परत मिळवून देणे म्हणजे पुनर्वसन आणि ते संदेशवहनाच्या साधनांनी दुरून घडवून आणणे म्हणजे दूरपुनर्वसन.

कंपवाताचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य या भागातील कोशिकांचा हळूहळू नाश होत जातो व त्या निर्माण करीत असलेल्या डोपामीन या रासायनिक द्रव्याचा पुरवठा घटतो. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या तल गुच्छिकांचे कार्य बिघडते. विश्रांतीच्या वेळी होणारा कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि तोल जाणे ही या रोगाची प्रमुख लक्षणे होत. १९६० नंतरच्या दशकात उपयोगात आलेल्या लेव्होडोपा या औषधाने मंदपणा व ताठरपणा यांत मोठा फरक पडतो, कंपही बहुधा कमी होतो. पण तोलावर या औषधाचा परिणाम फारच थोडा होतो. होएन व यार या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये रोगाचे जे पाच टप्पे मांडले, त्यांतील तिसऱ्या टप्प्याची खूण तोल जाणे हीच आहे. तोवर रुग्ण आपली कामे बऱ्याच अंशी स्वतः करीत असतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्यास कंपवाताच्या सुमारे ६०% रुग्णांना वर्षातून निदान एकदा पडण्याचा प्रसंग येतो आणि त्यांतील बरेच जण वारंवार पडतात. खुब्याचे हाड मोडणे हा यातील उघड धोका होय. पडण्याच्या भीतीने रुग्ण हिंडणे-फिरणे कमी करतो, त्यामुळे पायांचे स्नायू दुबळे होतात व तोल आणखी जातो. हे दुष्टचक्र मात्र घरच्यांच्या ध्यानात उशिरा येते.

उभे राहणे ही वस्तुतः अखंड चाललेली क्रिया आहे. डोळ्यांना दिसणारे सभोवतालचे दृश्य, अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या शेजारील संवेदनाग्रे यांकडून मिळणारी डोक्याच्या स्थितीची माहिती आणि तळपाय, सांधे व स्नायू यांतील संवेदना अशा तीन प्रकारच्या संदेशांची सांगड मेंदू घालीत असतो व शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या टेकूबाहेर जाऊ देत नाही. उंच फडताळावरील डबा काढण्यासाठी हात वर करण्यापूर्वीच पायांचे व पाठीचे स्नायू आकुंचन पावतात, कारण हाताच्या हालचालीने बसणारा हिसका मेंदूने आधीच हिशेबात धरलेला असतो. याउलट उभ्या प्रवाशाला बस सुटताना बसणारा धक्का अनपेक्षित असतो. तेथे एखादे पाऊल चटकन मागे टाकून तोल सावरावा लागतो. कंपवातात या दोन्ही क्रिया नाहीशा होत नाहीत, तर त्यांचे माप चुकते. पाऊल पडते, पण ते अपुरे असते. रुग्णाच्या मागे उभे राहून व त्याला आधी सूचना देऊन वैद्य त्याचे खांदे मागे ओढतो, तेव्हा निरोगी माणूस एकदोन पावलांत सावरतो. कंपवाताचा रुग्ण लहान लहान पावले टाकीत मागेमागे जातो किंवा पाऊल न उचलताच कोसळतो. शिवाय एरवी आपोआप होणारी चाल त्याला लक्षपूर्वक चालवावी लागत असल्याने बोलता बोलता चालणे किंवा हातात पाण्याचा पेला घेऊन वळणे अशा दुहेरी कामांत त्याचा घात होतो.

या अवस्थेतही एक वाट मोकळी राहते, हे १९६७ मध्ये जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश तंत्रिकातज्ज्ञांनी दाखवून दिले. पाऊल उचलू न शकणारे रुग्ण जमिनीवर आडव्या रेघा आखून दिल्यास त्या ओलांडीत चालू लागतात, असे त्यांनी नोंदविले. आतून मिळणारी आज्ञा क्षीण झाली, तरी बाहेरून दिसणारी खूण मेंदूला तीच हालचाल दुसऱ्या मार्गाने करू देते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पडद्यावरील दृश्याचे महत्त्व येथेच आहे. ते बाहेरची खूण पुरविते, हालचाल किती झाली हे त्याच क्षणी दाखविते आणि काठिण्य थोडेथोडे वाढविण्याची सोय करते. खेळाने येणारी गोडीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. महिनोन् महिने तेच ते व्यायाम करणे कोणालाही कंटाळवाणेच वाटते. निरोगी व्यक्ती पडद्यावरील खेळ खेळत असताना मेंदूत डोपामीन स्रवते, असे १९९८ मध्ये आढळले होते. त्यावरून असे खेळ म्हणजे कंपवातावरील औषधच, असा निष्कर्ष काहींनी काढला; तो मात्र फारच घाईचा आहे.

या उपचारासाठी वापरल्या गेलेल्या साधनांपैकी सर्वांत परिचित साधन म्हणजे निंटेंडो या जपानी कंपनीच्या वी या खेळयंत्राबरोबरची तोलफळी होय. २००७ मध्ये बाजारात आलेल्या या फळीच्या चार कोपऱ्यांत दाब मोजणारी संवेदके असतात. त्यांच्या मापांवरून उभ्या माणसाचा भार कोणत्या बिंदूवर केंद्रित झाला आहे हे कळते व तो बिंदू पडद्यावर हलताना दिसतो. प्रयोगशाळेतील महागड्या दाबमंचाशी २०१० मध्ये तुलना केली असता या फळीची मापे बरीच विश्वसनीय ठरली. पडद्यावरील ताटातील गोळ्या शरीर झुकवून भोकात पाडणे, बर्फावरून घसरत जाताना निशाणांमधून वळणे, समोरून येणारा चेंडू डोक्याने अडविणे असे खेळ यात असतात. सर्वच खेळ सर्वांना जमतात असे नाही. ब्राझीलमध्ये सोळा रुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा खेळांपैकी सात खेळ रुग्णांनी समवयस्क निरोगी वृद्धांइतकेच आत्मसात केले. उरलेल्या खेळांत ते मागे पडले, कारण त्यांत चटकन निर्णय घेणे वा चुकीची प्रतिक्रिया आवरणे आवश्यक होते. खेळाची निवड चिकित्सकानेच करावी, ती रुग्णाच्या नातवंडांवर सोपवू नये, हे यावरून दिसते.

दूरपुनर्वसनातील खरी अडचण मात्र यंत्राची नाही. तोल सुधारण्यासाठी रुग्णाला तोल जाण्याच्या सीमेपर्यंत न्यावेच लागते. खुर्चीचा काठ धरून केलेल्या व्यायामाने तोल सुधारत नाही. रुग्णालयात चिकित्सक रुग्णाच्या कमरेचा पट्टा धरून त्याच्या बाजूला उभा असतो आणि त्या हाताच्या भरवशावरच रुग्ण पुढे झुकण्याचे धाडस करतो. दूर बसलेल्या चिकित्सकाला रुग्ण दिसतो, त्याचे बोलणे ऐकू येते, पण त्याला सावरता येत नाही. ते काम घरातील माणसाकडे येते.

इटलीतील व्हेरोना विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेली व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या दृष्टीने महत्त्वाची आहे. रोगाच्या अडीच ते तीन या टप्प्यांतील ७६ रुग्णांचे यदृच्छया दोन समान गट करण्यात आले. एका गटाने घरी तोलफळीवरील खेळ केले व चिकित्सकाने संगणकावरील दृक्‌संभाषणाद्वारे त्यांच्यावर देखरेख ठेवली. दुसऱ्या गटाने रुग्णालयात येऊन तोलाचे नेहमीचे व्यायाम केले. दोन्ही गटांना आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ५० मिनिटांची, सात आठवड्यांत एकूण २१ सत्रे देण्यात आली. बर्ग तोलमापनात (१४ कृती, कमाल ५६ गुण) घरच्या गटाची प्रगती अधिक झाली. चालताना वळणे, अडथळा ओलांडणे इत्यादींचे मापन करणाऱ्या गतिमान चाल निर्देशांकात रुग्णालयातील गट सरस ठरला. या फरकाचे कारण साधनातच असावे. फळीवर उभे राहता येते, झुकता येते. चालता येत नाही. बर्ग मापनातील बऱ्याच कृती उभे राहण्याच्या व झुकण्याच्याच आहेत. घरगुती उपचार स्वस्त पडला. घरच्या माणसाने दिलेला वेळ हा मात्र वेगळाच खर्च होय. संशोधकांनीही आपला निष्कर्ष ज्यांच्याजवळ काळजी घेणारी व्यक्ती आहे अशा रुग्णांपुरताच मर्यादित ठेवला. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. दोन्ही गटांत इतर सर्व मापे सुधारली, तरी पडण्याची वारंवारता बदलली नाही.

पडणे प्रत्यक्षात कमी झाल्याचा पुरावा दुसऱ्या एका चाचणीत मिळतो, पण ती घरी झालेली नव्हती. बेल्जियम, इझ्राएल, इटली, नेदर्लंड्स व ब्रिटन येथील पाच केंद्रांत झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २८२ वृद्धांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत कंपवाताच्या रुग्णांबरोबर वारंवार पडणारे इतर वृद्धही होते. ट्रेडमिलवर (फिरत्या पट्ट्यावर) चालताना समोरच्या पडद्यावर अडथळे व फाटे दिसत आणि पाय उचलून ते चुकवावे लागत. या गटात पडण्याचे प्रमाण सहा महिन्यांत सरासरी ११·९ वरून ६ वर आले. नुसत्या ट्रेडमिलच्या गटात ते १०·७ वरून ८·३ इतकेच उतरले. त्याच वर्षी कॉक्रेन संस्थेने आठ चाचण्यांतील २६३ रुग्णांचा आढावा घेतला. आभासी वास्तवाने पावलाची लांबी काहीशी वाढते, परंतु तोल व जीवनमान यांबाबत हा उपचार नेहमीच्या भौतिकी चिकित्सेच्या बरोबरीचाच दिसतो आणि उपलब्ध पुरावा दुबळा आहे, असे त्यात म्हटले आहे. बरोबरीचा हा शब्द येथे उणेपणाचा समजू नये; रुग्णालयापर्यंतचा प्रवास ज्याला झेपत नाही, त्याच्या दृष्टीने घरी मिळणारा तेवढाच गुण पुष्कळ आहे.

हा उपचार सर्वांना योग्य नाही. बुद्धिभ्रंश, भास होणे, उभे राहताच रक्तदाब उतरणे, पावले वारंवार जमिनीला खिळणे किंवा दृष्टी फार अधू असणे, अशा स्थितीत घरी एकट्याने तोलाचे व्यायाम करणे धोक्याचे असते. औषधाचा परिणाम पुरेपूर असतानाच सत्र घ्यावे लागते. फळीभोवतीची जागा मोकळी असावी; सतरंजी व तिवई दूर कराव्यात आणि मागे भिंत किंवा भक्कम पलंग असावा. डोक्यावर चढविण्याच्या दृश्यटोपाने आभास अधिक पूर्ण होतो, परंतु त्यामुळे खरी खोली दिसेनाशी होते. कंपवाताचा रुग्ण तोलासाठी डोळ्यांवर वाजवीपेक्षा अधिक विसंबतो. त्याच्याकडून तोच आधार काढून घेणे घरगुती उपचारात तरी अनुचित वाटते. काहींना अशा टोपामुळे मळमळ व भोवळही येते.

उपकरणांचे अल्पायुष्य ही एक वेगळीच अडचण आहे. मूळ वी यंत्राचे जपानमधील उत्पादन २०१३ मध्ये, म्हणजे इटलीतील चाचणी प्रसिद्ध होण्यापूर्वीच, थांबले. शरीराची हालचाल कॅमेऱ्याने टिपणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या साधनाचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले. इटलीतील चिकित्सकांनी ज्या स्काइपवरून रुग्णांवर देखरेख केली, ती सेवा मे २०२५ मध्ये संपुष्टात आली. एका साधनावर सिद्ध झालेले निष्कर्ष दुसऱ्या साधनाला तसेच लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही; प्रत्येक नव्या फळीची, कॅमेऱ्याची व खेळाची पारख रुग्णांवर पुन्हा करावी लागते आणि ती पुरी होईपर्यंत ते साधन बाजारात टिकेलच याची खात्री नसते.