बक्षीस एकदाच मिळतं, बिल दर महिन्याला येतं

ग्रामविकास खातं सातारा-सांगलीच्या माणसाकडे आलं की गावोगाव स्पर्धा लागते, असं म्हणायला जागा आहे. २००० साली तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं. १७ सप्टेंबर २०२५ ला मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं, तेव्हा त्याच खात्याच्या खुर्चीत माणचे जयकुमार गोरे होते. मधल्या पंचवीस वर्षांत विषय वाढले, साचा मात्र तोच राहिला: गुण, तपासणी, क्रमांक, बक्षीस.

हा साचा आपल्याकडे चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सातारा जिल्हा देशात पहिला आला. एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कराड, २०२१ ला विटा आणि २०२२ ला पाचगणी, असा देशातला पहिला नंबर सलग तीन वर्षं या दोन जिल्ह्यांतच राहिला. शेजारच्या गावाला ढाल मिळाली की इथे झोप लागत नाही. आबांनी हीच ईर्षा कामाला लावली. त्याआधी नुसत्या अनुदानावर उभ्या राहिलेल्या कितीतरी संडासांत सरपण आणि शेणकुटं रचलेली असायची.

पण ईर्षेचं काम समितीची गाडी येऊन जाईपर्यंतच. सवय लागायला त्यापुढे काहीतरी लागतं. त्यासाठी सरकारने लाजेचा आधार घेतला आणि गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसासमोर शिट्टी फुंकायची, कुठे हातात गुलाब द्यायचा, तर कुठे थेट पोलीस ठाण्यात न्यायचं. ज्याच्या घरात संडासाला ना जागा ना पाणी, त्याची लाज काढून काय साधलं? त्यापेक्षा कायद्यातली दुरुस्ती शहाणपणाची: घरी संडास आहे आणि तो वापरतो, हे दाखवल्याशिवाय ग्रामपंचायतीचं सदस्यपद टिकत नाही. म्हणजे आधी पुढाऱ्याची खुर्ची हलवली.

माझ्या मते या भागातला खरा धडा मात्र कराडला खेटून असलेल्या मलकापूरचा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. महामार्गावरच्या या छोट्या गावाने २००९ च्या सुमारास कोयनेचं पाणी चोवीस तास नळाला दिलं. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, असंच कुणालाही वाटेल. झालं उलटं. ठरावीक वेळेला पाणी येणाऱ्या गावात काय होतं ते आठवा: नळ सुटला की कालचं पाणी शिळं म्हणून पिंपं मोरीत रिकामी होतात, ताजं भरून घेतलं जातं, आणि नळाला तोटीच नसल्याने उरलेलं गटारात जातं. पाणी कधीही मिळणार म्हटल्यावर साठवायचं कारण संपतं आणि ओतायचंही. जोडीला प्रत्येक घराला मीटर बसला आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर आला. बागेत पाइप सोडून गप्पा मारणाऱ्याला बिल बघून जाग येते. पाणी वाचलं की उपसा कमी आणि पंपाची वीजही वाचते. शिवाय साठवण घटली की डासांची पैदास घटते. यासाठी कुणालाही भाषण द्यावं लागलं नाही.

दुसरं उदाहरण कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. लॉकडाउननंतर पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना, म्हणून २०२२ मध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. सक्ती नाही. सुरुवातीला शिक्षक, आशा सेविका आणि पंचायतीची माणसं घरोघर फिरली. यातली मेख अशी की बंद सगळ्यांचंच असतं. ‘शेजारचा बंटी बघतोय, मग मी का नको?’ हा पोराचा हुकमी सवाल आपोआप निकालात निघतो.

लोकांना अक्कल शिकवायची गरज क्वचितच असते. चांगलं वागणं सोपं आणि वाईट वागणं थोडं महाग केलं की माणसं आपसूक वळतात. नव्या अभियानाला यातून दोन गोष्टी उचलता येतील. एक, बक्षिसाची निम्मी रक्कम वर्षभर रोखून ठेवावी आणि न सांगता पुन्हा तपासणी झाल्यावरच द्यावी. दुसरी, त्या पैशातून कमानी आणि पेव्हर ब्लॉक न करता आधी पाण्याचे मीटर बसवावेत. मीटर बसवणाऱ्या सरपंचाची मतं जातील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच गुणपत्रिकेत सगळ्यात जास्त गुण त्यालाच ठेवा.