पंधरा टक्क्यांची रेघ

एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात दिवसभर ऊन तापते आणि सायंकाळी एकाएकी धुळीचे लोट उठतात. वादळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे असते, पण तेवढ्यात टिनपत्रे उडतात, कवेलू फुटतात, कडुनिंबाची फांदी गोठ्यावर येते. हे निस्तरायला पुढे महिने लागतात.

इथल्या खेड्यात विमा म्हटले की पीकविमाच आठवतो. घराचाही विमा असतो हे फार थोड्यांना ठाऊक. त्यामुळे पत्रे उडाले की पहिला फोन तलाठ्याला जातो. 2024 मध्ये त्याच्या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, पण गावासाठी तो अजून तलाठीच.

आर्णी तालुक्यातल्या एका गावात वादळानंतर पंचनामे सुरू होते, तेव्हा मी तलाठ्यासोबत घरोघरी फिरलो. घरे बहुतेक विटा-मातीची, वर लोखंडी अँगल आणि त्यावर पत्रे. जिथे पत्र्यांवर नुसते दगड ठेवले होते, तिथले पत्रे दूर वावरात जाऊन पडले होते. तलाठी आधी पत्रे मोजतो. एकूण किती, उडाले किती, वाकले किती, त्यातले पुन्हा चढवता येतील असे किती. मग भिंतीकडे वळतो. भेग दिसली की तिच्यात बोट घालून पाहतो. जुन्या भेगेत चुलीच्या धुराची काजळी आणि कोळ्याचे जाळे असते. नव्या भेगेतली माती ताजी निघते. मग घरमालकाला पडझडीजवळ उभे करून मोबाइलवर फोटो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आधार, बँक पासबुक आणि शेवटी पंचांच्या सह्या.

एका घरी म्हातारी त्याला म्हणाली, “सात पत्रे गेले जी साहेब, पण पाणी तं साऱ्या घरात आलं ना!” कोपऱ्यातली तुरीची पोती भिजून फुगली होती. तलाठ्याने पाहिले, मान हलवली आणि सातच पत्रे लिहिले. त्याचाही नाइलाज होता. आपत्ती मदतीच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत घराची अंशतः पडझड निदान 15 टक्के असावी लागते. तेवढी भरली तर पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000. झोपडीला 8,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. घर पूर्ण पडले तर सपाट भागात 1 लाख 20 हजार. कपडे आणि भांड्यांसाठी प्रत्येकी 2,500 रुपये मिळतात, पण घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात राहिले तरच. घरात भिजलेल्या तुरीसाठी या यादीत रकाना नाही. सगळे वाद त्या पंधरा टक्क्यांच्या रेघेवरच होतात, आणि रेघेच्या अलीकडे राहिलेल्याच्या हाती काहीच पडत नाही.

सरकारचा हा पैसा मदत म्हणून येतो. नुकसान भरून काढणे हा त्याचा हेतूच नाही. भरून काढायचे काम विम्याचे. यवतमाळ, वणी, पुसदमधल्या कॉलन्यांत गृहकर्ज काढून बांधलेली घरे आहेत. तिथे ‘बँकेने विमा काढला आहे’ असे लोक खात्रीने सांगतात. कागद उघडला की अनेकदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो. घराचा नसतोच.

ज्यांच्याकडे खरी गृहविमा पॉलिसी आहे त्यांची बाजू बरीच भक्कम असते. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना ठेवावी लागते. वादळ, पूर, वीज पडणे हे तिच्यात येते. कुंपणभिंत, पाण्याची टाकी, सौर पॅनेलही घरातच धरतात. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. सरकारी यादीत अंशतः पडझडीत ज्याला रकाना नाही, त्या घरगुती वापराच्या सामानाला इथे जागा असते.

पण नुकसान पाहायला येणाऱ्या विमा सर्व्हेअरची नजरही तलाठ्यासारखीच असते. तो गंजलेला पत्रा आणि फाटलेला पत्रा वेगळा काढतो, कारण झिजेचे आणि देखभालीअभावी झालेले नुकसान पॉलिसीत बसत नाही. लोक मात्र तो येण्याआधीच अंगण झाडून मोकळे होतात आणि वाकलेले पत्रे भंगारवाल्याला देतात. मग दाखवायला उरते काय? छत उघडे ठेवून पोराबाळांना भिजवा असे कुणी म्हणत नाही. ताडपत्री जरूर टाका. पण आधी चारही बाजूंनी फोटो काढा, तुटलेला माल एका कोपऱ्यात रचून ठेवा आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. पंचनाम्याची प्रतही मागून घ्या. वादळ त्याच दिवशी, त्याच गावात झाले याचा तो सरकारी पुरावा आहे. दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि एक काम वादळाआधीचे. मार्च संपायच्या आत बँकेकडून पॉलिसीची प्रत मागवा आणि विमा नेमका कशाचा आहे ते वाचा. घराचा नसेल, तर तो काढायला तेवढेच दिवस हातात आहेत.