अवतरणातील अंतर : मैल की सेकंद?

उड्डाण करणाऱ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे मागे सुटतात. विमान जितके जड व मंदगती, तितके ते प्रबळ. त्यांत सापडलेले हलके विमान कलंडण्याचा संभव असतो; आणि उतरताना सावरण्याइतकी उंची शिल्लक नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या रूढ वर्गीकरणानुसार ‘जड’ विमानामागून येणाऱ्या ‘मध्यम’ विमानाने ५ सागरी मैलांचे अंतर राखावयाचे असते.

परंतु हे अंतर भूमीच्या संदर्भाने मोजले जाते. भूसापेक्ष वेग १५० नॉट असता ते कापण्यास १२० सेकंद लागतात. ३० नॉटांचा वारा समोरून सुटला की वेग १२० नॉटांवर येऊन १५० सेकंद लागतात. सर्व विमाने याच अंतराने आली असे मानल्यास ताशी ३० ऐवजी २४ विमानेच उतरतील. वस्तुतः प्रबळ वाऱ्यात भोवरे लवकर विरतात. तेव्हा १२० सेकंदांचा अवधी कायम ठेवून अंतर ४ मैलांवर आणण्यास प्रत्यवाय नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१५ साली याच तत्त्वाचा अवलंब सुरू झाला. टक्कर टाळण्यासाठी रडारवर राखावयाचे किमान अंतर मात्र वाऱ्यानुसार बदलत नाही. कारण तेथे धोका भोवऱ्याचा नसून प्रत्यक्ष विमानाचा असतो.