सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा वेग

कुंडलिका नदीवरचा साळावचा पूल ओलांडला, की मुरूडपर्यंत चढ-उतार सुरू होतात. उतारावरच्या सुट्या खडीवर नवखे पुढचा ब्रेक करकचून दाबतात आणि हँडलवरून फेकले जातात. म्हणून सायकल सहलीला निघण्याआधी मी प्रत्येकाला दोन्ही ब्रेक एकत्र, हलक्या हाताने दाबायला लावतो. माउंटन बाइकच्या लीडरचं पहिलं शिक्षण हेच. पंक्चर काढणं, प्रथमोपचार, नकाशा नंतर. सर्वांत मागे एक अनुभवी साथीदार हवाच. त्याच्यामागे कुणी राहता कामा नये. आगरदांड्याची फेरीबोट गाठायची म्हणून दमलेल्याला पळवणारा लीडर मला मान्य नाही.

महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ सालचं. त्यानुसार अशा सहलींच्या आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे भरण्याआधी ती नोंदणी आणि लीडरचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मागून बघा.